श्रवणांश शून्य

अहवाल अडीच पानांचा होता. त्यातली दोन पाने यंत्राचा क्रमांक, तपासणीची तारीख, खोलीचे तापमान असल्या नोंदींनी भरलेली होती. उरलेल्या अर्ध्या पानावर कामाची अशी एकच ओळ होती : 'वाक्य क्रमांक चार. श्रवणांश शून्य. हे वाक्य साक्षीदाराने घटनास्थळी ऐकलेले नसून नंतर मनात रुजवले गेले असण्याची शक्यता सत्त्याण्णव टक्के.'

शाल्मली मुसळे हिने ती ओळ तीनदा वाचली. इचलकरंजीच्या जलशुद्धीकरण केंद्रातील प्रयोगशाळेत ती सहायक होती. पाण्यातला क्लोरीन, गढूळपणा, क्षार यांचे आकडे ती दिवसातून चार वेळा मापकावरून उतरवून घेई, आणि त्या आकड्यांच्या भरवशावर सारे शहर निर्धास्तपणे नळाखाली भांडे धरी. मापक काय म्हणतो ते मानायचे आणि जिभेला काय वाटते ते सोडून द्यायचे, अशी तिची शिस्त होती. त्यामुळे अहवालावर शंका घेण्याचे तिला सुचलेसुद्धा नाही.

वाक्य क्रमांक चार तिला पाठ होते. 'आज तू वाचत नाहीस.' अठरा वर्षांपूर्वी, ती सात वर्षांची असताना, घरामागच्या यंत्रमागाच्या शेडमध्ये, कामगार चहाला गेले असताना, नामदेव हावळ तिच्या वडिलांना तसे म्हणाला होता. आणि दहा मिनिटांनी तिचे वडील धनंजय मुसळे डोके फुटून मागाच्या पायाशी पडलेले सापडले होते. नामदेव हा शेडचा जॉबर, म्हणजे माग दुरुस्त करणारा मिस्त्री. दारू पिऊन चालत्या मागात हात घातल्याबद्दल धनंजयने त्याला आदल्याच आठवड्यात कामावरून काढले होते. बचाव असा होता की, आडवा धागा नेणारा टोकदार धोटा मागातून उडाला आणि कपाळावर बसला. असे अपघात गावाला नवे नव्हते. नामदेवच्या हातात लोखंडी पाना होता, हे दारात उभ्या असलेल्या शाल्मलीने पाहिले होते खरे. पण आपली हत्यारे न्यायला आलेल्या जॉबरच्या हातात पाना नसेल तर काय असेल? सारा खटला त्या चार शब्दांवर उभा राहिला. नऊ वर्षांची झाल्यावर ती साक्षीच्या पिंजऱ्यात चढली, चारही शब्द न अडखळता बोलली, आणि नामदेवला मरेपर्यंत जन्मठेप झाली.

आता नवा कायदा आला होता. ज्या खटल्यात एकट्या बालसाक्षीदाराच्या जबानीवर शिक्षा उभी आहे, तो अपिलात पुन्हा उघडावा आणि साक्षीदाराची, तो आता मोठा झालेला असला तरी, स्मृतिस्तर-तपासणी करावी असे त्यात म्हटले होते.

या तपासणीमागचे तत्त्व समजायला अवघड नाही. आठवण ही मेंदूतल्या एका कप्प्यात ठेवलेली वस्तू नव्हे. प्रसंग घडतो तेव्हा पाहिल्याचा वाटा मेंदूच्या एका भागात पडतो, ऐकल्याचा दुसऱ्या, वासाचा तिसऱ्या. आणि मेंदूच्या आतल्या बाजूचा एक लहानसा अवयव हे सारे वाटे एका गाठीत बांधतो. आठवण काढली की गाठ सैल होते. पुन्हा बांधली जाताना तिच्यावर नव्या प्रथिनांचा पातळ थर चढतो. स्मृतिस्तरमापक हे थर एकेक करून मोजतो आणि अगदी तळाच्या, मूळच्या गाठीत कोणत्या इंद्रियाचा किती वाटा होता ते सांगतो. वडीलधाऱ्यांनी एखाद्या मुलाला 'तू असं ऐकलंस ना?' असे पुन्हा पुन्हा विचारले, तर ते वाक्य त्याच्या आठवणीत शिरते आणि त्याला ते खरेही वाटू लागते. मात्र मूळच्या गाठीत त्या वाक्याला कानाचा वाटा मिळत नाही. खोटे बोलणारे मूल पकडणे हे या यंत्राचे काम नव्हते. प्रामाणिकपणे चुकणारे मूल ते ओळखत असे, आणि न्यायालयांची अडचण पिढ्यान्‌पिढ्या नेमकी तीच होती.

शाल्मलीने अहवालाची घडी घातली आणि ती स्वयंपाकघरात गेली. आई, सुवर्णा, घेवड्याच्या शेंगा मोडत बसली होती. धनंजयच्या मागे माग विकून टाकून तिने शिवणाच्या कारखान्यात नोकरी धरली होती आणि मुलीला शिकवली होती.

"आई, मला पोलिसांकडं नेण्याआधी तू काय काय सांगितलं होतंस?"

"काय सांगणार? माझंच चित्त ठिकाणावर नव्हतं."

"नामाकाका असं म्हणाला, हे तू मला सांगितलंस का?"

सुवर्णाच्या हातातली शेंग तशीच राहिली. "तू मला सांगितलंस. मी तुला एकदाच विचारलं, शालू, काय बघितलंस? तू सांगितलंस. पुन्हा विचारायची माझी छाती झाली न्हाई."

"यंत्र म्हणतंय, ते वाक्य मी ऐकलंच नव्हतं."

"यंत्र होतं काय त्या दिवशी दारात?"

"चेष्टा करू नको. एक माणूस अठरा वर्षं आत आहे."

"आणि एक अठरा वर्षं फोटोत आहे," सुवर्णा म्हणाली, "त्याचं काय म्हणतंय तुझं यंत्र?"

त्यानंतर बोलणे वाढत गेले. शाल्मलीने 'पढवलंस' हा शब्द वापरला. तो उच्चारल्यावर मागे घेण्यासारखा नाही, हे दोघींनाही कळले. आठवड्याभरात शाल्मलीने केंद्राजवळ एक खोली घेतली. सुवर्णाने तिला पातेली, तवा आणि पोळपाट बांधून दिले. शब्द मात्र एकही दिला नाही.

पुढच्या महिन्यात शाल्मलीने तुरुंगात भेटीसाठी अर्ज केला. अपिलाची सुनावणी तीन आठवड्यांवर आली होती. अहवाल मान्य झाला की नामदेव सुटणार, हे त्याच्या वकिलाइतकेच सरकारी वकिलालाही ठाऊक होते. त्याआधी एकदा त्याच्यासमोर उभे राहावे आणि चूक कबूल करावी, एवढेच तिला वाटत होते. सात वर्षांच्या मुलीचा दोष नसतो हे तिला समजत होते, पण समजण्याने भार हलका होत नव्हता.

भेटीच्या खोलीत मध्ये जाड काच होती आणि दोन्ही बाजूंना एकेक फोन. काचेपलीकडे नामदेव येऊन बसला. साठीचा, वाळलेला, पांढऱ्या मिशीचा. शाल्मलीने फोन कानाला लावला. त्यानेही लावला.

"मला ओळखलंत?"

"ओळखणार न्हाई तर? बापाचं नाक आहे."

"काका, मी माफी मागायला आले आहे. माझ्या तोंडात कुणीतरी शब्द घातले. मला कळलं नाही. तुमची अठरा वर्षं गेली."

तो म्हणाला, "लेकरू होतीस. तुझ्याबद्दल माझ्या मनात काही न्हाई. लग्न झालं का?"

"नाही अजून."

"आई कशी आहे?"

"वेगळी राहते मी."

"का?"

"तिनंच पढवलं, असं—"

तिच्या खांद्यावर कुणीतरी बोट टेकले. पहाऱ्यावरची शिपाईबाई होती. "ताई, तो फोन सकाळपासून बंद आहे. मेकॅनिकला कळवलंय. तुम्ही पलीकडच्या खिडकीला बसा. इथं काय नुसतं तोंड हलवताय?"

शाल्मलीने कानाजवळचा फोन खाली घेतला आणि त्याच्याकडे पाहिले. मग पुन्हा कानाला लावला. आत खरखरसुद्धा नव्हती. बापाचं नाक, लेकरू, लग्न, आई. त्यातला एकही शब्द तिच्या कानात शिरला नव्हता, आणि त्यातला एकही तिच्याकडून निसटला नव्हता.

सोळा माग चालू असले की शेडमध्ये माणसाच्या आवाजाचा उपयोग नसे. दोन हातांवर उभा असलेला माणूस ओरडला तरी ऐकू येत नसे, म्हणून कुणी ओरडतही नसे. सगळे ओठ मोठे करून बोलत आणि सगळे ओठांकडे बघत. ज्या मुलांचा पाळणा शेडला लागून हलला, ती बोलायला शिकण्याआधी हे बघायला शिकत. शाल्मलीला ते कधी वेगळे वाटले नव्हते, म्हणून कधी आठवलेही नव्हते. खटल्यात आरोपीच्या वकिलाने विचारले होते, 'मागांच्या आवाजात तुला हे ऐकू आले का?' कागदपत्रांत उत्तर होते, 'होय'. खरे म्हणजे तिने नुसती मान हलवली होती. एवढे मोठे माणूस असले काय विचारते, असे तेव्हा तिला वाटले होते.

तिने काचेपलीकडे पाहिले. शिपाईबाईचे बोलणे नामदेवला ऐकू येण्याचा प्रश्न नव्हता. तोही ओठच वाचत होता. त्याच्या चेहऱ्यावरून तिला कळले की, जे तिला समजले ते त्यालाही त्याच क्षणी समजले आहे. त्याने फोन हळूच खाली ठेवला. आता फोनचे नाटक करण्याचे दोघांनाही कारण उरले नव्हते.

"तू दारात आहेस हे दिसलं असतं," त्याचे ओठ म्हणाले, "तर मी बोललोच नसतो."

ओठ पुन्हा हलले.

"शालू, म्हातारा झालोय. सांगू नको."

"ताई, खिडकी बदलताय ना?" शिपाईबाईने विचारले.

"नको," शाल्मली म्हणाली. "झालं बोलून."

त्यानंतरचे चार दिवस तिने नमुने तपासण्यात घालवले. कुणी काही ऐकले नव्हते, कुठे काही नोंदले गेले नव्हते. ती गप्प राहिली असती, तर विज्ञान, कायदा आणि एक म्हातारा माणूस तिघेही समाधानी राहिले असते. आणि कुणाला दयेचे काम करायचे असेल, तर गप्प राहणे हे त्यातले सर्वांत सोपे होते. आईवरचा ठपका मात्र राहिला असता. आणि आकडा चुकला आहे हे माहीत असताना तो वहीत उतरवणे तिने आजवर कधी केले नव्हते. पाचव्या दिवशी तिने अहवालाखाली सही असलेल्या माणसाला फोन लावला.

श्रीपाद मुळ्ये हे तंत्रनिकेतनातून उपकरणशास्त्राची पदविका घेऊन या यंत्राच्या अंशांकनापर्यंत, म्हणजे त्याचे आकडे बसवून देण्याच्या कामापर्यंत, पोचलेले गृहस्थ होते. वय अडुसष्ट. निवृत्तीनंतरही त्यांना मुदतवाढ मिळाली होती, कारण यंत्र त्यांच्याइतके कुणालाच कळत नव्हते.

"साक्षीदारांनी माझ्याशी परस्पर बोलायचं नसतं," ते म्हणाले.

"मला यंत्राबद्दल विचारायचं आहे, खटल्याबद्दल नाही. तुम्ही ब्लँक चालवला होता का?"

"काय?"

"आम्ही पाणी तपासण्याआधी शुद्ध पाणी तपासतो. मापक शून्य दाखवतो का ते बघायला. माझ्या बाबतीत तसं काही केलं होतं का?"

"बाई, हे यंत्र अकराशे मुलांवर अंशांकित केलेलं आहे."

"कुठली मुलं?"

"शाळांमधली. सहा जिल्ह्यांतली."

"वर्गात बसवून?"

"मग काय भर बाजारात बसवून?" मुळ्ये वैतागले. मात्र त्यांनी फोन ठेवला नाही. शाल्मलीने त्यांना तुरुंगातला बंद फोन सांगितला. नामदेवचे शेवटचे दोन उद्गार तेवढे गाळले. तो पुरावा नव्हता. ते फक्त तिला कळलेले होते.

"तुमच्या त्या वाक्याला डोळ्यांचा वाटा होता," मुळ्ये सावकाश म्हणाले. "भरपूर होता. चेहरा पाहिल्याचा वाटा म्हणून आम्ही तो वजा करतो. प्रत्येकाचाच करतो. बोलणारा माणूस दिसतोच, त्यात नवल काय, असं धरून मीच ते सूत्र लिहिलं." ते पुढे म्हणाले, "न्यायालयाकडे फेरतपासणीचा अर्ज करा. मी हरकत घेणार नाही."

फेरतपासणी दोन दिवस चालली. मुळ्यांनी पद्धत आखून ठेवली होती. खटल्याशी संबंध नसलेल्या वीस आठवणी शेडमधल्या आणि वीस शेडबाहेरच्या. सगळ्या वडील जिवंत असतानाच्या आणि सगळ्यांत कुणीतरी काही बोललेले असले पाहिजे. शाल्मली यंत्राच्या घुमटाखाली पडून एकेक आठवण सांगत गेली. बॉबिन दे गं. चहा सांग आईला. मागाजवळ येऊ नकोस, वेणी अडकेल.

शेडमधल्या विसाच्या वीस वाक्यांचा श्रवणांश शून्य आला.

"वीस वाक्यं कुणी पढवत नाही," मुळ्ये आकड्यांकडे पाहत म्हणाले. "वेणी अडकेल हे तर नाहीच नाही."

शेडबाहेरच्या वाक्यांचा श्रवणांश व्यवस्थित होता. त्यात एक आठवण आठवड्याच्या सुट्टीतली होती. माग बंद, गल्ली शांत, आणि धनंजय अंगणातून म्हणतो, 'शालू, पायात चप्पल घाल.' तिथे कानाचा वाटा एकतीस टक्के होता.

"म्हणजे बाबांचा आवाज आत आहे?" तिने विचारले.

"आहे."

"तो ऐकता येतो?"

"नाही. यंत्राला ऐकू येत नाही. तो आहे, एवढंच त्याला सांगता येतं." मुळ्यांनी चष्मा काढून पुसला. "या यंत्राच्या अहवालावर आतापर्यंत अकरा अपिलं निकाली निघाली. त्यांतली चार गोंगाटातली आहेत. एक खडीच्या क्रशरवरचं, दोन गिरणीतली, एक कापसाच्या जिनिंगचं. चारही माणसं सुटून घरी गेली. आता मला न्यायालयाला पत्र लिहायचं आहे."

"काय लिहिणार?"

"शून्य चुकलं होतं, म्हणून. दुसरं काय?"

सुनावणीच्या दिवशी सुवर्णा आली, पण शाल्मलीपासून दोन बाके सोडून बसली. नामदेवला दृक्‌श्राव्य जोडणीवरून हजर केले होते. पडद्यावर तो न्यायमूर्तींच्या ओठांकडे टक लावून बघत होता.

त्याच्या वकिलाने चांगला युक्तिवाद केला. मोठी झालेली साक्षीदार आज जे सांगते त्याला महत्त्व देऊ नये, असे कायदाच म्हणतो, याकडे त्याने बोट दाखवले. न्यायमूर्ती शांत स्वभावाच्या, मोजके बोलणाऱ्या बाई होत्या. त्या म्हणाल्या, "आज ती काय सांगते हे आम्ही बघतच नाही. शेडमधल्या वीस वाक्यांचं काय करायचं, तेवढं सांगा." वकिलाने कागद चाळले. मग तो खाली बसला.

दोषसिद्धी कायम राहिली. शिक्षेचा प्रश्न वेगळा होता. सारख्या गुन्ह्याला निरनिराळ्या न्यायालयांतून बारा वर्षांपासून मरेपर्यंत अशा वाटेल त्या शिक्षा दिल्या गेल्या होत्या. कुठे आरोपीचे वय पाहून, कुठे साक्षीदाराचे अश्रू पाहून. त्यावर उपाय म्हणून आता अपिलात शिक्षासमतेचे कोष्टक बंधनकारक होते. हत्यार, पूर्वतयारी, पूर्वीचे गुन्हे, आरोपीचे तुरुंगातले वर्तन, असे नऊ घटक भरले की तशाच प्रकरणांतल्या शिक्षांचा मध्य निघे, आणि त्यापासून ढळायचे तर न्यायाधीशाला कारण लिहावे लागे. नामदेवच्या प्रकरणात मध्य वीस वर्षांचा निघाला.

"मृताच्या पत्नीला काही म्हणायचं आहे का?" न्यायमूर्तींनी विचारले.

सुवर्णा उठली. "साहेब, त्या कोष्टकात माझ्या नवऱ्याचं नाव कुठल्या रकान्यात आहे?"

"कुठल्याच नाही."

"मग ते आम्हाला कसं लागू पडतं?"

"कुणाचंच नाव नाही, म्हणूनच सगळ्यांना लागू पडतं," न्यायमूर्ती म्हणाल्या. त्यांचा स्वर कठोर नव्हता. "बाई, तुमच्या मुलीची साक्ष आम्ही खरी धरली, कारण ती मोजमापाला उतरली. शिक्षासुद्धा त्याच न्यायानं मोजावी लागेल. मुलीला काही सांगायचं आहे?"

शाल्मली उभी राहिली. पडद्यावरचा म्हातारा आता तिच्या ओठांकडे बघत होता. तुरुंगात काचेपलीकडून त्याने जे मागितले होते ते तिने दिले नव्हते. आता जे बोलायचे होते ते त्याला कळावे म्हणून तिने शब्द सावकाश आणि मोठे उच्चारले.

"जेवढं इतरांना, तेवढंच."

शिक्षा वीस वर्षांवर आली. त्यातली अठरा भोगून झाली होती. नामदेवने पडद्यावरून हात जोडले. ते न्यायालयाला की तिला, हे समजायच्या आत जोडणी तोडण्यात आली.

बाहेर व्हरांड्यात सुवर्णा पिशवी सावरत उभी होती. शाल्मली जवळ गेली.

"आई, माझं चुकलं."

"सात वर्षांची होतीस," सुवर्णा म्हणाली. "मी तुला एकदा विचारलं आणि अठरा वर्षं ते खरं धरून चालले. तू मला विचारलंस, आणि माझं उत्तर यंत्राकडं तपासायला दिलंस."

सुवर्णा पायऱ्यांकडे वळली आणि थांबली.

"दोन वर्षांनी तो सुटणार. त्याचं घर आपल्याच गल्लीत. पहिल्या दिवशी तो आपल्या दारात येणार, मी वळखते त्याला. तेव्हा उंबऱ्यात कोण उभं राहणार? तू का मी?"

"मी."

सुवर्णाने पिशवी तिच्या हातात दिली. "मग ती खोली सोड," ती म्हणाली, आणि पायऱ्या उतरू लागली.